बंबातला चुना

आई-बाबांचा अबोला चालू होता त्या हिवाळ्यातली ही हकीकत. अबोला म्हटल्यावर घरात शांतता असेल असं कुणाला वाटेल, पण तसं काही नव्हतं. उलट आमच्या घरात एरवी इतकी बोलाबोली होत नसे. फक्त सगळं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. "रंजू, तुझ्या बाबांना सांग, पोळ्या झाल्या." "रंजू, तुझ्या आईला विचार, सगळ्या दिग्रसमधलं मीठ संपलं का?" बाबा स्वयंपाकघराच्या दारात पाटावर, आई ओट्याशी, आणि मधे मी. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असूनही मी प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायचं, असा नियमच होऊन बसला होता. कंटाळून मी गप्प राहिले तर दोघंही माझ्याचकडे डोळे वटारून बघायचे. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण बाकीच्यांनी शाळेत पाठ केली असेल, मी ती घरात भोगली आहे. आणि जिच्या लग्नावरून हे सगळं पेटलं होतं ती माझी थोरली बहीण, वर्षाताई, तुरीच्या शेंगा सोलत खाली मान घालून हसत बसायची.

भांडण ताईच्या होणाऱ्या नवऱ्यावरून नव्हतं. गजानन आईलाही पसंत होता. घाटंजीजवळच्या गावी घरची कापसा-तुरीची शेती, उंच, सावळा, बोलायला मोकळा. मुलगी बघायला आला तेव्हा त्यानं आईच्या हातची अंबाडीची भाजी तिसऱ्यांदा मागून घेतली आणि तिथंच अर्धं काम झालं. आमचं घर पिढीजात खुर्चीवरचं. आजोबा कचेरीत, मामा मास्तर, बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबनीस. शेतकऱ्याच्या घरी मुलगी द्यायची म्हणून आईनं भीतभीत विचारलं, "तिला निंदण-खुरपण जमेल का?" गजानन म्हणाला, "आई, मलेच धड जमत नाही, तिले कोन सांगते?" आई पदर तोंडाला लावून हसली. लग्न ठरलं.

पेटलं ते पुढच्या वाक्यावरून. कापसाचे हाल चालले होते ती वर्षं. पूर्वी दिग्रसच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आणि आम्ही मुली बैलांच्या शिंगांना हात लावत शाळेत जायचो. आता रांग बाजाराच्या फाटकातच संपायची. गजाननच्या गावानं ठरवलं होतं की त्या हंगामात गावातली सगळी लग्नं एकाच मांडवात लावायची. एक मांडव, एक पंगत, एक वाजंत्री. आणि हे ठरवणाऱ्यांत गजाननच पुढं होता. "मीच लोकायले समजावून सांगतलं," तो बाबांना म्हणाला. "आता मीच येगळा मांडव टाकला तं गावात मले कोन पुसन? कापसाचं हे असं चालून राह्यलं, एकेकानं थाट करून दाखवाचं तरी कोनाले?" बाबांनी आत येऊन आईला विचारायचं सोडून तिथंच त्याच्या हातावर हात मारला. "ठरलं!" आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या पोरीला रांगेत उभी करणार? लग्न आहे का रेशनचं दुकान?" हे तिचं बाबांशी शेवटचं थेट वाक्य. त्यानंतर मी कामाला लागले.

तेव्हा मला वाटायचं, आईला थाटमाट हवा आहे. आता तिच्या तेव्हाच्या वयाहून मोठी झाल्यावर कळतं की तिला थाट नको होता. तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या लेकींच्या लग्नांत आहेर नेले होते, दुसऱ्यांच्या पंगतीत वाढलं होतं, आणि निघताना प्रत्येकीला सांगितलं होतं, "आमच्या वर्षाच्या लग्नाला यायचं हं." तिला एकच दिवस हवा होता. त्या दिवशी ती दारात उभी राहील आणि येणारी-जाणारी म्हणेल, ही नवरीची आई. मांडवात दहा-बारा नवऱ्या आणि तितक्याच आया असल्यावर हिला कोण ओळखणार होतं? हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिनं फक्त भांडी जरा जास्त जोरात आपटली.

आता घरगाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाबांची जिनिंग बंद पडली तेव्हा तिथली एक जुनी मोटार त्यांनी घेतली. मागच्या सीटा काढल्या, दोन फळ्यांचे पलंग ठोकले, स्टोव्हला कोनाडा केला, आईच्या जुन्या पातळाचे पडदे लावले आणि तिचं नाव घरगाडी ठेवलं. या घरगाडीतून आम्ही रामेश्वरापासून काश्मीरपर्यंत जाणार होतो. तोवर ती एकदाच दारव्ह्याला गेली होती आणि परत येताना तिला ट्रॅक्टरनं ओढून आणलं होतं. बाबांच्या उत्साहाला त्यानं काही ओरखडा पडला नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं, माणूस कुठंही राहील, पण गार पाण्यानं आंघोळ करून राहणार नाही. म्हणून बसस्टँडजवळच्या एका बंद पडलेल्या लॉजमधला तांब्याचा भलामोठा बंब त्यांनी आणला आणि गाडीच्या मागच्या भागात बसवला. टपाला भोक पाडून धुराडं वर काढलं. जळण म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं; तिला आमच्याकडे कधी तोटा नसे. धूर सोडत ती गाडी निघाली की गल्लीतली पोरं "झुकझुक गाडी" करत मागं धावायची आणि आई खिडकी लावून घ्यायची.

एका सकाळी बाबांनी जाहीर केलं, "रंजू, आईला सांग. मांडव एक, पंगत एक, सगळं कबूल. पण त्या दिवशी नवरदेवाची आंघोळ आपल्या बंबातल्या पाण्यानं होणार. एवढ्या थंडीत जावयाला गार पाणी घेऊ देणार नाही."

"विचार त्यांना," आई म्हणाली, "लेकीच्या लग्नात लोक सोनं देतात, हे गरम पाणी देणार का?"

"सांग तिला, माघाच्या थंडीत सोन्यानं आंघोळ करून बघ म्हणावं."

मी दोन्ही वाक्यं पोचवली. ताईला हसण्यानं ठसका लागला.

पण बंबाच्या मनात वेगळंच होतं. बाबांनी उजाडता पेटवला, तर दुपारची जेवणं झाली तरी पाणी कोमटच. पऱ्हाटीचा अख्खा भारा जळाला. आतून मात्र टक, टक, खडाड असे आवाज यायचे, जणू कुणी आत बसून सुपारी फोडतंय. तोटी पूर्ण उघडली तरी सुतासारखी धार. बाबांनी झाकण काढून बॅटरी मारली आणि मला बोलावलं. तांबं कुठं दिसतच नव्हतं. मधल्या नळीवर आणि चारी बाजूंनी पांढरा-पिवळा चुना बसलेला, चांगला बोटभर जाड. लॉजवर उतरलेल्या न जाणो किती प्रवाशांच्या आंघोळींचा तो ठेवा होता. आमच्याकडचं पाणीच तसं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठाला बाहेरून क्षाराच्या पांढऱ्या मिशा फुटतात. आजही माझ्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये गीझर दुरुस्त करणारा येतो, आतली कॉइल काढून दाखवतो आणि म्हणतो, "देखो मॅडम, कितना चुना लगा है." मला हसू येतं आणि त्याला वाटतं, बाई बिलाला हसली.

बाबांनी पेचकस आणि हातोडी घेतली आणि चुना फोडायला सुरुवात केली. ठण्, ठण्, ठण्. स्वयंपाकघरात आई प्रत्येक ठोक्याला दाराकडे बघायला लागली. घरातलं तांब्याचं भांडं तिनं कधी कुणाला जोरानं खाली ठेवू दिलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या ठोक्याला ती बाहेर आली. "रंजू, त्यांना म्हणावं तांब्याला असं बडवतात का? भोक पडेल! चिंच नाही का घरात?" आणि उत्तराची वाट न बघता पदर खोचून ती घरगाडीत चढली. त्या गाडीला तिनं पाय लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मग जो दिवस गेला तो माझ्या लहानपणातला फार सुंदर दिवस होता. आईनं वर्षभराची साठवलेली चिंच काढली. ती पुरेना म्हणून अंबाडीची वाळवलेली लाल बोंडं काढली, जी ती सरबतासाठी जपून ठेवायची आणि आम्हाला हात लावू द्यायची नाही. ताईनं ती पातेल्यांत उकळली. सगळ्या घराला आंबट वास सुटला, नुसत्या वासानं जिभेला पाणी यायचं. ते लालभडक पाणी आईनं गाळून बंबात ओतलं. क्षणभर काही नाही. मग आतून फस्स् असा आवाज आला आणि झाकणाच्या तोंडातून गुलाबी फेस उतू यायला लागला. बाबा लहान मुलासारखे ओरडले, "सुटला! चुना सुटला!" आई म्हणाली, "रंजू, त्यांना सांग खाली जाळ घाला, मंद." जाळ घातल्यावर आतला फसफसाट आणखी वाढला. आम्ही चौघंही त्या बंबाकडे कान देऊन बसलो. बाबांनी तोटी काढली आणि बांबूच्या काडीनं आत ढवळलं, तर सांडग्यांसारखे तुकडे, पापडांसारख्या पापड्या भराभर खाली पडायला लागल्या. आई त्या सुपात गोळा करत होती, का ते तिलाच ठाऊक. दोन वेळा आंबट पाणी, मग बादल्याच्या बादल्या साधं पाणी. संध्याकाळी बाबांनी परत बॅटरी मारली तेव्हा आत नवंकोरं तांबं चमकत होतं. आईनं वाकून बघितलं आणि तिच्या तोंडावर त्याचा तांबूस उजेड पडला. बाबा बंबाकडे न बघता तिच्याकडे बघत होते, पण बोलायचं म्हणून मला म्हणाले, "आईला सांग, हात फार छान चालतो तिचा." आईनं ऐकलं. मी सांगायच्या आधीच ती म्हणाली, "चिंच नवी आणावी लागेल, हेही सांग."

रात्री जेवायला भाकर, ठेचा आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची उसळ होती. अबोला मात्र तसाच.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही घरगाडीतूनच निघालो. आर्णीपर्यंत दोन वेळा थांबावं लागलं, पण ट्रॅक्टर लागला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती, कुठं कुठं बोंडाला चिकटलेला कापूस वाऱ्यावर हलत होता. ताई नव्या बांगड्या सावरत मागच्या पलंगावर बसली होती. आई तिच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून. गावात पोचलो तर शाळेच्या मैदानात मांडव उभा राहिला होता आणि दहा-बारा घरचे पाहुणे एकाच वेळी एकमेकांना विचारत होते, "तुमी कोनाकडचे?" आईलाही दोघीतिघींनी विचारलं. तिनं सांगितलं, आणि पुढच्या वळणावर आणखी एकीनं तेच विचारलं. मला तिचा चेहरा बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. बाबांनी उजाडताच विहिरीचं पाणी भरून घेतलं आणि बंब पेटवला. या विहिरीचं पाणी आमच्यापेक्षाही जड. नुकत्या चकचकीत झालेल्या बंबात परत चुना बसू नये म्हणून बाबांनी, कुणाला न विचारता, मूठभर धुण्याचा सोडा पाण्यात टाकला. थोड्या वेळानं बाबा पऱ्हाटी आणायला गेले तेव्हा आई आली. जावयाच्या अंगाला साबणाचा फेस यावा म्हणून तिनंही, कुणाला न विचारता, सोड्याची पुडी उपडी केली. दोघांनीही मला निरोप दिला नाही, कारण मी गाढ झोपले होते. मी जागी असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

बंबानं मात्र कमाल केली. घटकाभरात पाण्याला आधण आलं. गजाननला हळद लागली होती, कपाळापासून पायापर्यंत पिवळाधमक. त्याला घरगाडीच्या मागं पाटावर बसवलं. बाया गाणी म्हणत होत्या, वाजंत्रीवाले हात शेकत उभे होते. आईनं गार पाण्याचं विसण घालून पाणी बेताचं केलं आणि पहिला तांब्या जावयाच्या खांद्यावर ओतला.

खांदा लाल झाला.

दुसरा तांब्या तिच्या हातात होताच, तो सवयीनं ओतला गेला. छाती लाल, पोट लाल, पाटाखालून लाल ओघळ वाहायला लागला. गाणं थांबलं. कुणीतरी किंचाळलं, "बाप्पा, रगत!" गजानन स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "मले तं काही दुखून नाही राह्यलं." त्याची आई, म्हणजे आमच्या इहीनबाई, गर्दीतून वाट काढत धावत आल्या. "काय केलं माह्या लेकाले?"

आई पांढरी पडली. एवढ्या मोठ्या मांडवात एक गोष्ट तिच्या हातची होती, आणि तीही अशी झाली. बाबा तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मी थोडा सोडा घातला होता पाण्यात."

"अहो, मी पण घातला ना!" आई म्हणाली.

मी मधे नव्हते. कित्येक दिवसांनी ते एकमेकांशी बोलले होते, आणि तेही अख्ख्या गावासमोर, सोड्याबद्दल. मला रडू येईल असं वाटलं आणि आलं ते हसू.

आईच्या डोक्यात तेवढ्यात प्रकाश पडला असावा. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? सोडाही तेच करतो. पण तिनं ते सांगितलं नाही. तिनं मान वर केली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि इहीनबाईंना म्हणाली, "घाबरू नका. हे कुंकवाचं न्हाण आहे. आमच्याकडे पहिल्या जावयाला घालतात."

माझी आई खोटं बोलत नसे. दूधवाल्याशीसुद्धा नाही. आमच्याकडे असलं काहीही नव्हतं. बाबा तोंड उघडायला गेले तर तिनं त्यांच्या पायावर पाय दिला, तो मी बघितला.

इहीनबाईंनी लेकाच्या दंडावरचा लाल रंग बोटानं पुसला, नाकाशी नेला, कपाळाला लावून बघितला. "कुकूच हाये वं माय," त्या म्हणाल्या. मग कमरेवर हात ठेवून, "अन् आंदी काहून नाही सांगतलं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हटलं असतं का?"

इहीनबाई हसल्या आणि मग सगळेच हसले. गजानन म्हणाला, "थांबले काहून? पाठ तं पिवळीच राह्यली माही!" वाजंत्रीवाल्यांनी एकदम सुरू केलं. त्या गलक्यात शेजारच्या एका नवरदेवाची आई पुढं आली, जरा रागातच. "आमच्या पोरानं काय पाप केलं? याले कुकवाचं न्हान, अन् आमचा हापशीवर?" तिच्यामागून दुसरी आली. तिच्यामागून तिसरी. कुणी म्हणालं, "ज्यायचा रिवाज त्यायच्याच हातानं झाला पायजे." म्हणजे आईच्या.

मग हळदीनं माखलेले नवरदेव एकामागं एक पाटावर बसायला लागले. आईनं पदर खोचला. मी दुकानातून सोड्याच्या पुड्या आणल्या, ताईला मैत्रिणींनी शाळेच्या खोलीतून डोकावू दिलं आणि तिनं पोट धरून हसून घेतलं. "अहो, जाळ वाढवा!" आई ओरडत होती, "पाणी भरा, बघत काय बसलात!" आणि बाबा असे धावत होते की जिनिंगमध्ये मालकासाठीही कधी धावले नसतील. प्रत्येक नवरदेव लाल होऊन उठला की आईच्या पाया पडायचा. "सुखी राहा," ती म्हणायची. शेवटी शेवटी तिचा आवाज बसला. ज्या बायांनी आदल्या दिवशी तिला "तुमी कोनाकडच्या" विचारलं होतं त्या आता "दिग्रसवाल्या माय, माह्या पोराले जरा कानामागं बी घाला" म्हणत होत्या.

मंगलाष्टकांच्या वेळी आई नेहमीप्रमाणे मागं जाऊन उभी राहायला निघाली. बायांनी तिला हाताला धरून पुढं आणलं. अक्षता टाकताना मी तिच्याकडे बघत होते. ती फक्त ताईवर टाकत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या रांगेवर, मूठ भरभरून टाकत होती, आणि रडत होती, आणि हसत होती. आम्हाला सगळ्यांना फार आनंद झाला होता, एवढंच मला लिहिता येतं. त्या लग्नाचा फोटो ताईच्या घरी आहे. रंगीत फोटो आहे आणि त्यात सगळे नवरदेव लाजल्यासारखे दिसतात.

त्या गावात अजूनही हळदीनंतर नवरदेवाच्या पाण्यात सोडा घालतात. परवा ताईच्या पुतण्याच्या लग्नात एका तरुण सुनेनं मला समजावून सांगितलं की ही फार जुनी चाल आहे, देवादिकांपासूनची. मी हो म्हटलं.

परतीच्या वाटेवर घरगाडीत आम्ही तिघंच होतो. मागचा पलंग रिकामा होता, म्हणून मी त्यावर आडवी पडले. आई पुढं बाबांच्या शेजारी बसली होती, मांडीवर बुंदीचा पुडा. गाव मागं पडल्यावर तिनं पुडा सोडला. मग बाबांनी रस्त्यावरची नजर न काढता, जपून, विचारलं, "गेला का राग?"

"राग आहेच," आई म्हणाली. बुंदीचा घास तिनं त्यांच्या तोंडाशी नेला. "पण पुढच्या खेपेला सोडा कोणी घालायचा, ते आधी ठरवून घेऊ."

बाबा इतके हसले की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. मीही हसले. पुढची खेप म्हणजे मी, हे मला बऱ्याच वेळानं, आर्णीचे दिवे दिसायला लागल्यावर कळलं.